चैत्रातले नाकतोडे

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि वाचून झाले की बायकोला म्हणतो, "वारा असेल. नाहीतर मांजर असेल." भुतंखेतं, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. माझी सगळी नोकरी जळगावला पाइपच्या कारखान्यात गेली, टेस्टिंगमध्ये. प्रेशरखाली पाइप फुटला की तो का फुटला हे शोधून काढायचं. कारण नाही असं होतच नाही, शोधणारा कंटाळतो एवढंच, असं मी नव्या पोरांना सांगायचो.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. इतकी वर्षं ती कोणाला सांगितली नाही, कारण ती माझी नव्हती, माझ्या मोठ्या बहिणीची होती. अक्का यंदा गेली. आता सांगायला हरकत नसावी... बघतो जमतं का.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मी तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात आईजवळ राहायचो, लग्न व्हायचं होतं. अक्का धुळ्याला, देवपुरात. कॉलनीतल्या अगदी शेवटच्या रांगेतलं बैठं घर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी, पडवीसमोर अंगण, अंगणाला डोक्याच्या वर जाईल अशी विटांची भिंत. भिंतीपलीकडे नुसतं माळरान. अंगणाच्या कोपऱ्यात मोरी आणि धुण्याचा दगड. दाजी, म्हणजे अक्काचे मिस्टर, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होते, महिन्यातून एकदा यायचे. अक्का घरी ब्लाउज शिवायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, मिनी. आठ वर्षांची. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, आणि तोंड म्हणून बंद नाही.

त्या पावसाळ्यात मिनीनं शाळेच्या वाटेवरच्या डबक्यातून बेडकाचं पिल्लू घरी आणलं. खाऊच्या डब्यात घालून! अक्कानं आरडाओरडा केला, पण संध्याकाळपर्यंत तिनंच एक जुना पत्र्याचा टब काढून दिला. अर्ध्यात माती, अर्ध्यात पाणी, वर जाळी. पिल्लू बघता बघता वाढलं. पिवळट हिरवं, रुंद तोंडाचं, गळा फुगवून ऐटीत बसायचं. मिनीनं त्याचं नाव ठेवलं पाटील.

"मामा, बघ ना, पाटील कसे बसलेत! पंचायतीला बसल्यासारखे!"

पाटलाची एकच अडचण होती. खाणं जिवंत लागायचं. मेलेला किडा नाकासमोर ठेवला तरी हा ढुंकून बघायचा नाही. समोर काहीतरी हललं पाहिजे, तरच जीभ बाहेर. मग मायलेकींचा उद्योगच सुरू झाला. मी शनिवारी जळगावहून एरंडोल-पारोळ्याची एसटी पकडून जायचो, तर रविवारचा सगळा दिवस मला त्यांच्या युक्त्या बघाव्या लागायच्या.

मोरीजवळच्या ओलसर मातीत काचेची रुंद तोंडाची बरणी गळ्यापर्यंत पुरायची. आत गुळाचा खडा आणि केळीची साल. बरणीच्या गळ्याला आतून बोटानं गोडं तेल फिरवायचं, म्हणजे पडलेला किडा वर चढू शकत नाही. तोंडावर एक कौल, पण खाली खडे लावून थोडं उचललेलं, म्हणजे किड्याला वाट राहते आणि पाणी आत जात नाही. सकाळी त्यात रातकिडे आणि काळे भुंगेरे सापडायचे. दुसरी युक्ती ओल्या गोणपाटाची. भाजीची देठं टाकून त्यावर भिजवलेलं गोणपाट अंथरायचं आणि सकाळी झटकन उचलायचं. बाटलीत पिकलेलं केळं आणि तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की चिलटं आत जातात, बाहेर येत नाहीत. पाटील मोठा झाल्यावर चिलटं त्याला पुरेनात, पण मिनीनं अंगणातल्या मेंदीवर एक सरडा धरून ठेवला होता, त्याला ती चालायची. पुढे तो सरडा तिनं स्वतःच सोडून दिला... "त्याला घरची आठवण येत होती" म्हणे.

आणि नाकतोडे. ते बरणीत पडत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यांना जाळीच लागते. अक्कानं जुन्या मच्छरदाणीचं कापड तारेच्या कड्याला शिवून, त्याला वेताची काठी लावून दिली होती. श्रावणात भिंतीपलीकडचं माळरान गुडघाभर हिरवं व्हायचं. मिनी त्या गवतातून जाळी फिरवत पळायची आणि अक्का भिंतीपाशी उभी राहून ओरडायची, "मुठीत हवा ठेव गं! घट्ट धरू नकोस, पाय तुटतात त्यांचे!"

दिवाळीच्या आधी मिनीला ताप आला. मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी करायचं ते सगळं केलं. दाजी सुरतेहून पोचले तेव्हा ती शुद्धीत नव्हती. मी जळगावहून पोचलो तेव्हा ती नव्हतीच.

यावर मी आणखी लिहीत नाही.

दाजींना ते घर सहन होईना. ते म्हणाले, "चल, सुरतेला खोली घेतो." अक्का नको म्हणाली. ते एकटे गेले, आणि मग महिन्याची खेपही लांबायला लागली. आमची आई रडून रडून सांगायची, जळगावला ये. अक्का तेही नको म्हणायची. का, तर पाटलाला कोण बघणार!

थंडीत पाटील चिखलात शिरून बसला होता, त्याला खाणं फारसं लागलं नाही. पण होळी झाली, ऊन तापलं, आणि तो वर आला. आणि खानदेशातला चैत्र तुम्हाला माहीत आहे. माळरान राखेच्या रंगाचं, जमिनीला भेगा, दुपारी पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा. त्यात कॉलनीत मलेरियाची फवारणी झालेली. भिंतींवर पांढरे डाग आणि घरात तो उग्र वास. झुरळंसुद्धा उरली नव्हती.

आईनं मला रजा टाकायला लावून धुळ्याला पाठवलं, की काहीही कर, तिला घेऊन ये. मी गेलो तर दारातच शेजारच्या सखूमाय भेटल्या. वयस्कर बाई, मनानं फार चांगल्या, अक्काला रोज कळण्याची भाकरी आणून द्यायच्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुनी बहीन काही खात नही. दिनभर त्या टपजोडे बसेल ऱ्हास. काय करो मी?"

अक्का खरंच टबापाशी बसली होती. मशीनवर कापडाचा ढीग तसाच पडलेला. केस विंचरलेले नाहीत. मनगटं अशी झालेली की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण मला बघून हसली. आणि मला आश्चर्य वाटलं ते पाटलाचं. तो मस्त होता. गुबगुबीत.

"याला काय घालतेस गं?" मी विचारलं.

"मिळतं काहीतरी," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

संध्याकाळी मी अंगणात फिरून पाहिलं. एक मुंगी दिसेना. सखूमाय भाकरी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "आठे मुंगी बी दखात नही भाऊ. फवारावाला येल व्हतात, बठ्ठं मरी गयं." मोरीजवळ बरणी मात्र पुरलेली होती, वर कौल. कौल उचलून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. गूळ नाही, साल नाही, तेलही नाही. नुसती कोरडी काच.

सकाळी जाग आली ती अक्काच्या आवाजानं. ती मोरीपाशी उकिडवी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. मी उठून गेलो. तिच्या हातात ती बरणी होती.

बरणीत नाकतोडे होते. हिरवेगार, कोवळे, श्रावणात असतात तसे. त्यांच्यात एक-दोन रातकिडे, आणि एक तो लाल मखमली किडा, मृगाचा किडा म्हणतो आपण. काचेला आतून पाण्याचे थेंब. आणि किड्यांच्या पायांत अडकलेली गवताची पाती... हिरवी! मी हात लावून पाहिलं, ती ओली होती. भिंतीपलीकडे तेव्हा एक हिरवी काडी नव्हती. मी मुद्दाम भिंतीवर चढून पाहिलं, नजर पोचते तिथपर्यंत सगळं करपलेलं होतं.

"हे कोणी आणलं?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. भीती वगैरे काही नव्हती तिच्या चेहऱ्यावर. उलट चोरून ठेवलेला खाऊ सापडावा तसा चेहरा झाला.

"रोज असतं," ती म्हणाली. "पाटील उपाशी मरायला टेकला होता. एक दिवस मी इथं बसून रडले... मिने, तुझ्या पाटलाचं काय करू गं, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून असतं."

मला वाटलं, बहिणीचं डोकं फिरलं आणि आता माझंही फिरणार.  पण मनात म्हटलं, कोणीतरी हे करतंय. दाजी? ते सुरतेला. मी कॉलनीतल्या दुकानातून त्यांच्या मिलला ट्रंककॉल लावला, ते कामावर होते, स्वतः फोनवर आले. सखूमाय? त्यांना गुडघ्यांमुळे धड खाली वाकताही येत नव्हतं. आणि कोणीही असलं, तरी आणणार कुठून? त्या लाल किड्यासह दोन-चार किडे काडेपेटीत घालून मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

"नवापूरच्या जंगलातून आणलेत का?"

"नाही सर. इथलेच आहेत, देवपुरातले."

"शक्य नाही. हा मृगाचा किडा पाऊस पडल्याशिवाय जमिनीतून वर येत नाही. आणि हे नाकतोडे तर ताजे आहेत, कोवळ्या गवतावरचे." त्यांनी काडेपेटी परत दिली आणि जरा चिडूनच म्हणाले, "थट्टा करताय का माझी?"

घरी येऊन मी ती बरणी उकरून काढली. धुऊन, पुसून कोरडी केली, वर पितळी झाकणी ठेवली, झाकणीवर वरवंटा ठेवला, आणि माझ्या खाटेखाली, पडवीत, डोक्याच्या बाजूला ठेवून झोपलो. पडवीला आतून कडी. मिनीची जाळी माझ्या उशाशीच खिळ्याला टांगलेली होती, मिनी गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

सकाळी वरवंटा जागेवर होता. झाकणी जागेवर. कडी आतून लागलेली. आणि बरणीत नाकतोडे काचेवर पाय घासत होते. मी वर बघितलं. जाळीचं कापड ओलं होतं. त्याला गवताची कुसळं चिकटलेली, आणि कडेला काळा चिखल. मी खाटेवर बसलो. खरं सांगू? भीती वाटली नाही. मला एकदम मिनीचा वास आला, पावसात भिजून आल्यावर तिच्या केसांना यायचा तो. आणि मी रडलो. ती गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

त्यानंतर मी शोधणं सोडलं, बरणी परत मोरीपाशी पुरून वर कौल ठेवलं. मीही सकाळी अक्काबरोबर मोरीपाशी जाऊन बसायला लागलो. ती कौल उचलायची आणि तिचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा व्हायचा. मग दिवसभर ती नुसती पुढच्या सकाळची वाट बघायची. जेवायची नाही. कोणी ब्लाउजचं माप द्यायला आलं तर दार उघडायची नाही. दाजींचा निरोप आला की ते येतायत, तर म्हणाली, "नको, गडबड होईल, ती यायची नाही." मला कळत होतं की माझी बहीण माझ्यादेखत झिजत चालली आहे. जळगावला चल, हे तोंडातून काढायची मला हिंमत होत नव्हती. काय सांगणार होतो मी? मुलगी रोज येते ते घर सोड म्हणून?

मग बरणीतले किडे कमी व्हायला लागले. एका सकाळी नाकतोडे आले ते अर्धमेले. दुसऱ्या सकाळी थोडेच, आणि चिखलानं बरबटलेले. अक्कानं ते धुऊन पाटलाला घातले. पण त्याच्या पुढच्या सकाळी बरणीत एकच नाकतोडा होता. तिनं तो तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. त्याचा मागचा एक पाय तुटला होता, पंख चुरगळलेले होते.

"बघ ना मधू. तिच्या हातून असं कधी व्हायचं नाही. मुठीत हवा ठेवायची, मी शिकवलं होतं तिला." तिनं बोटानं त्याचा पंख सरळ केला. "दमलीय रे ती. किती दिवस झाले, रोज... एवढीशी पोर. दमलीय."

"मग सांग ना तिला थांबायला," मी म्हणालो.

हे मी बोललो! आजही मला नवल वाटतं. पण त्या वेळी ते इतकं साधं वाटलं, जणू मिनी खरंच भिंतीपलीकडे खेळते आहे आणि तिला घरात बोलवायचं राहिलं आहे.

अक्कानं तो नाकतोडा हळूच मेंदीच्या पानावर ठेवला. "आणि थांबली तर?"

मी बरणी परत खड्ड्यात बसवून वर कौल ठेवलं.

"सकाळी कौल उचललं की मला कळतं, ती येऊन गेली. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं, तर उद्या मी कशासाठी उठू, सांग."

 मी चहा केला, तो तिच्यासमोर गार झाला. ती टबापाशी जाऊन बसली आणि पाटलाकडे बघत राहिली. दुपार झाली. ऊन पार पडवीत आलं. मग ती उठली. आंघोळ केली, केस विंचरून अंबाडा घातला, धुतलेलं पातळ नेसली. मला म्हणाली, "तो तुझा असोद्याचा मित्र... त्याच्या केळीत बारा महिने पाणी असतं ना?"

"असतं. विहिरीचा पाट आहे."

"किडे असतील?"

"भरपूर."

"मग पाटलाला तिथं सोडू."

ती अंगणात आली आणि धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली. मी पडवीच्या दाराला टेकून होतो. मी सकाळीच नळाचं पाणी भरून ठेवलं होतं, बादली काठोकाठ, तळ दिसेल इतकं स्वच्छ.

"मिने," अक्कानं हाक मारली. "इकडं ये."

जरा थांबली. खेळात रमलेलं पोर यायला वेळ लावतं, तेवढी.

"पुरे आता. उद्यापासून पकडायचं नाही. पाटलाला मामाच्या मित्राकडे सोडतोय, तिथं त्याला खूप खायला आहे. तुला यायची गरज नाही. तू दमलीस ना?" तिनं पदर तोंडाला लावला, परत काढला. "ये, हात धू."

ती वाकली. तांब्या बुडवून भरला, आणि दगडावर, लहान मुलाचे हात असतील तेवढ्या उंचीवर धरून, हळूहळू ओतायला लागली.

मी शपथेवर सांगतो... तांब्यातून पडत होतं ते पाणी स्वच्छ होतं. आणि दगडावर पोचत होतं ते गढूळ होतं. काळा, पावसाळी चिखल, त्यात गवताची बारीक हिरवी पाती. तो दगड कोरडा ठणठणीत होता, मी स्वतः बघितलेला होता. ते पाणी मोरीतून वाहत गेलं. अक्कानं परत तांब्या भरला, परत ओतलं. हळूहळू चिखल कमी झाला. शेवटी दगडावरही पाणी स्वच्छ पडायला लागलं. तरी ती ओतत राहिली, बादली संपेपर्यंत.

मग तिनं पदराचं टोक पुढे केलं, हात पुसायला देतात तसं, आणि म्हणाली, "जा आता."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निघताना तिनं कौल उचललं नाही. मी उचललं. बरणी कोरडी होती. पाटलाला ओल्या फडक्यात गुंडाळून भोकं पाडलेल्या डब्यात घातलं. सखूमाय दारापर्यंत आल्या आणि "जाय माय, सोडी ये" एवढंच म्हणाल्या. एसटीत अक्कानं डबा मांडीवर धरला होता, वाटेत थांबा आला की त्यावर पाणी शिंपडायची. जळगावहून असोद्याला दुसरी गाडी. माझा मित्र पुढे होऊन वाट दाखवत गेला. केळीत शिरल्यावर एकदम गारवा. पाटात पाणी वाहत होतं, पाण्यावर चिलटांचे थवे, बांधावर गवत. अक्कानं डब्याचं झाकण काढलं. पाटील जरा वेळ तसाच बसून राहिला, मग पाटाच्या कडेला उतरला, आणि पुढच्या क्षणी तो गवतात कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही.

अक्का बांधावर बसली. खूप वेळानं म्हणाली, "मधू, भूक लागली रे." मित्राच्या घरून भाकरी आणि ठेचा आला. ती जेवत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिखटानं म्हणा.

त्यानंतर त्या घरात ती परत राहायला गेली नाही. आठवडाभर आईजवळ राहिली आणि मग मला म्हणाली, सुरतेचं तिकीट काढ. मी जळगाव स्टेशनवर तिला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. दाजी सुरतेला उतरवून घ्यायला आले होते. पुढे तिनं तिथं मशीन टाकली, दिवस बरे आले. मुलगा झाला. त्याचं नाव तिनं माझ्या आईला ठेवायला सांगितलं.

या गोष्टीबद्दल ती कधीच बोलली नाही, मीही विचारलं नाही. एकदाच विषय निघाला, तिचा मुलगा नोकरीला लागून पहिल्यांदा घराबाहेर पडला तेव्हा. त्याला गाडीत बसवून आम्ही दोघं तिच्या गॅलरीत बसलो होतो. मी म्हटलं, "अक्का, ते धुळ्याचं... तुला काय वाटतं, काय होतं ते?"

तिनं दोरीवरचा मुलाचा टॉवेल काढून त्याची घडी घातली. 

मग म्हणाली, "काय होतं ते तू शोध, शिकलेला आहेस. मला एवढंच माहीत आहे, की माझी पोर रोज येत होती, आणि मी तिला जा म्हटलं. आपल्या तोंडानं. कोणती आई म्हणते रे असं?"

आपल्यापैकी कोणाला काही कारण सुचत असेल तर जरूर कळवा. फवारणी, वारा, पक्ष्यांनी आणून टाकलेले किडे... हे सगळं माझं करून झालं आहे, त्यातलं काहीही बसत नाही. आणि अक्कानं गॅलरीत तसं विचारलं तेव्हा मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. ती प्यायली नाही, पेला नुसता हातात धरून बसली.